पेटंटचा सातबारा कोण वाचणार?

(स्त्री-आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या सत्राचा विषय ‘पेटंटचा शोध घेण्याची सार्वजनिक साधने’ असा आहे. विषयाचे नाव ऐकल्यावर निम्म्या जणी चहाला उठतील अशी धास्ती होती. तुम्ही बसून आहात, तेव्हा आधी हे सांगते की हा विषय वकिलांनी आणि शास्त्रज्ञांनी आपसात बोलायचा नाही. तो आपल्या औषधाच्या पिशवीचा आहे, हळदीच्या डब्याचा आहे आणि माहितीच्या हक्काचाही आहे.

मी समाजकार्यात एम. एस. डब्ल्यू. केले आणि रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात काम करते. आमचे बरेचसे काम म्हणजे अर्ज भरणे. बाईला औषध परवडत नाही म्हटले की ट्रस्टला पत्र लिही, रेशनकार्डाची प्रत जोड, उत्पन्नाचा दाखला आणायला सांग. मंगळसूत्र मोडून आलेल्या बायका समोर बसतात. त्यांतली एखादी हमखास विचारते, “बाई, एवढीशी गोळी, ती एवढी महाग का हो?” डॉक्टर म्हणतात, कंपनीला विचारा. कंपनी म्हणते, संशोधनाला खर्च येतो. नेमका प्रश्न कोणीच विचारत नाही. या गोळीवर पेटंट आहे का? असल्यास कशावर आहे, कोणी घेतले, कधी संपते? या प्रश्नांची उत्तरे सरकारदरबारी लिहिलेली असतात. ती आपल्याला वाचता येतात का, आणि पुढेही येत राहतील का, एवढाच आजचा मुद्दा आहे.

पेटंट म्हणजे एक सौदा आहे. संशोधकाने आपल्या शोधाची कृती समाजापुढे उघड करायची आणि त्या बदल्यात सरकारने त्याला अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे मक्तेदारी द्यायची. ‘पेटंट’ या शब्दाच्या मुळाशीच ‘उघडे’ असा अर्थ आहे. सर्वांना वाचता येईल असे उघडे राजपत्र. मक्तेदारी आपण वीस वर्षे सोसतो, मग उघडी कृती आपल्याला वाचायला मिळालीच पाहिजे. ती कपाटात राहिली, किंवा कोणाला सापडणारच नाही अशा रीतीने ठेवली, तर सौद्यातला आपला वाटा बुडाला म्हणायचा.

मी याला पेटंटचा सातबारा म्हणते. जमिनीच्या उताऱ्यावर बाईचे नाव लागावे म्हणून महाराष्ट्रात चळवळी झाल्या. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमाची आठवण इथल्या थोरल्यांना असेल. तेव्हा आपण शिकलो की उतारा वाचता आल्याशिवाय हक्क सांगता येत नाही. तलाठ्याने “नाही मिळत” म्हटले की सगळे तिथेच संपायचे. औषधाच्या बाबतीतही तसेच आहे. कोणत्या रेणूवर कोणाचे नाव चढले आहे हे दिसलेच नाही, तर हरकत कुठे घेणार?

आणि हरकत घेता येते! आपल्या पेटंट कायद्याच्या कलम २५(१) प्रमाणे, अर्ज प्रसिद्ध झाल्यावर आणि पेटंट मंजूर होण्याआधी ‘कोणतीही व्यक्ती’ विरोध नोंदवू शकते. त्यासाठी कंपनी असावे लागत नाही, शास्त्रज्ञ असावे लागत नाही. मंजुरीनंतरही एक वर्ष विरोध करता येतो, पण तेव्हा तुमचा त्यात हितसंबंध असल्याचे दाखवावे लागते. कलम ३(ड) म्हणते की जुन्याच औषधाचे नवे रूप केवळ नवे म्हणून पेटंटला पात्र ठरत नाही. त्याची परिणामकारकता वाढली असल्याचे सिद्ध करावे लागते. १ जानेवारी २००५ पासून आपल्याकडे औषधांवर उत्पादन-पेटंट सुरू झाले, त्याच वर्षीच्या दुरुस्तीत ही ढाल संसदेने ठेवली.

ही ढाल बायकांनी वापरली आहे. एचआयव्ही असलेल्या बाळांना देण्याच्या नेविरापिन सिरपवर एका बहुराष्ट्रीय कंपनीने पेटंट मागितले होते. २००६ साली एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांची संघटना आणि पॉझिटिव्ह विमेन नेटवर्क यांनी मिळून त्याला विरोध केला. औषध जुनेच आहे, फक्त त्याचे एक रूप पुढे केले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. २००८ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. आपल्या मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने रक्ताच्या कर्करोगावरच्या इमॅटिनिब मेसिलेटच्या अर्जाला विरोध केला. चेन्नई कार्यालयाने २००६ मध्ये तो अर्ज नाकारला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तो नकार कायम केला.

अलीकडचे उदाहरण तर माझ्या क्षयरोग वॉर्डाच्या अगदी जवळचे आहे. मुंबईच्या नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघी क्षयरोगातून वाचलेल्या. उपचारातल्या इंजेक्शनांनी दोघींची ऐकण्याची शक्ती गेली. बेडाक्विलिन हे तोंडाने घ्यायचे औषध आल्यामुळे तशी इंजेक्शने टाळता येऊ लागली, पण ते एका कंपनीच्या मक्तेदारीत होते. मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. त्याच औषधाच्या क्षारावर नवा अर्ज होता, आणि तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. या दोघींनी २०१९ मध्ये विरोध नोंदवला आणि मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज नाकारला.

त्या अर्जाचा क्रमांक १२२०/एमयूएमएनपी/२००९ असा होता. एमयूएम म्हणजे मुंबई, एनपी म्हणजे आंतरराष्ट्रीय अर्जाचा आपल्या देशातला टप्पा, आणि शेवटी साल. अर्ज कुठल्या कार्यालयात आहे आणि कधीचा आहे हे अशा क्रमांकावरून समजते. केस पेपरचा नंबर वाचायला आपण शिकतोच ना? तितकेच हे सोपे आहे. एकही विरोध हवेत झालेला नाही हेही ध्यानात घ्या. आधी कोणीतरी नोंद शोधली, जुना अर्ज काढला, दोन्ही शेजारी ठेवून वाचले, मगच पुढचे झाले.

आता हळदीकडे येते. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्यासाठी पेटंट दिले गेले. आपल्यापैकी कोणीही हसेल. पण तिथल्या त्या वेळच्या कायद्यात परदेशातला नुसता वापर किंवा तोंडी चालत आलेले ज्ञान पुरावा म्हणून धरत नसत. छापील कागद लागे. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने बत्तीस संदर्भ जमवले. त्यात इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा लेखही होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक वापरावर युरोपात १९९४ मध्ये दिलेले पेटंट वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या माग्दा आल्वूट आणि सेंद्रिय शेतीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मिळून हाणून पाडले. ते २००० साली रद्द झाले आणि २००५ मध्ये अपिलातही तोच निकाल राहिला.

या दोन्ही कथा आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगाव्यातच. पण एक बाई म्हणून मला त्यात टोचते ते वेगळेच. हळद लावणारा हात बाईचा होता. तो पिढ्यान्‌पिढ्या लावत होता, तेव्हा त्याची गणती ज्ञानात झाली नाही. कोणी डॉक्टरने नियतकालिकात छापले तेव्हा ते ‘ज्ञान’ झाले. आपल्या कायद्याने मात्र इथे एक पाऊल पुढे टाकले आहे. कलम २५(१) मधल्या विरोधाच्या कारणांत स्थानिक किंवा आदिवासी समाजातले तोंडी ज्ञानही धरले जाते. म्हणजे सुईणीचे आणि जडीबुटी जाणणाऱ्या आजीचे सांगणे पुरावा होऊ शकते. मात्र त्यासाठी अमक्या वनस्पतीवर तमका अर्ज आला आहे ही खबर तिच्या वाडीवर पोचली पाहिजे.

हळदीच्या प्रकरणानंतर सरकारने २००१ साली पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह सुरू केला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध इत्यादी ग्रंथांतली माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, जपानी आणि स्पॅनिश अशा पाच भाषांत आणली. परदेशी पेटंट कार्यालयांतल्या तपासनीसांना ती वाचता यावी हा हेतू योग्यच होता. पण तो संग्रह करार केलेल्या पेटंट कार्यालयांपुरता बंद ठेवला गेला. २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तो इतरांनाही खुला करायचे ठरवले, तेही वर्गणी भरून. खुले केल्यास कंपन्या त्यातूनच उचलतील अशी भीती आहे आणि मी ती खोटी म्हणत नाही. तरीही विचारते: ज्या समाजाने हे ज्ञान सांभाळले त्याला आपले काय नोंदले गेले हे पाहण्याचा हक्क आहे की नाही? मराठीतून, गोंडीतून, कोकणीतून तो कधी मिळणार?

आता शोध घेतात कसा ते पाहू. अर्ज सर्वसाधारणपणे अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. पेटंट कार्यालयाचे जर्नल दर शुक्रवारी निघते. २००५ पूर्वी या नोंदी भारताच्या राजपत्रात छापल्या जात. २०१५ पासून कार्यालयाची ‘इनपास’ ही शोधप्रणाली मोफत आहे. अर्ज, तपासनिसाचा अहवाल, पत्रव्यवहार, आदेश असे पुष्कळ त्यात सापडते. याबद्दल कार्यालयाला श्रेय दिले पाहिजे, कारण हे सगळे घरबसल्या पाहता येणे ही लहान गोष्ट नाही.

पण अडचणीही स्पष्ट सांगते. पहिली अडचण नावाची. औषधाचे जे नाव चिठ्ठीवर असते ते अर्जाच्या शीर्षकात बहुधा नसते. अर्ज होतो तेव्हा अनेकदा ते नाव ठरलेलेही नसते, त्यामुळे तिथे दोन ओळींचे रासायनिक नाव असते. चिठ्ठीवरचे नाव टाकून शोधणाऱ्या बाईला ‘काही सापडले नाही’ असे उत्तर येते आणि ती समजते की पेटंट नाही. म्हणून औषधाचे आंतरराष्ट्रीय सामान्य नाव ठरले की ते अर्जात नोंदवणे बंधनकारक करा, ही मागणी आरोग्य चळवळीने आणि अभ्यासकांनी अनेक वर्षे लावून धरली आहे. दुसरी अडचण जुन्या कागदांची. पुष्कळ कागद नुसती छायाचित्रे काढून ठेवल्यासारखे आहेत, त्यातला शब्द यंत्राला शोधता येत नाही. तिसरी भाषेची. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत करता येतो. मराठीत निदान सारांश असावा, एवढे तरी मागता येईल.

चौथी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते, कारण तिथे असलेले आक्रसत चालले आहे. पेटंट घेणाऱ्याने त्याचा देशात वापर किती केला याचे विवरण द्यावे लागते. त्याला फॉर्म २७ म्हणतात. त्याचा उपयोग काय ते २०१२ मध्ये दिसले. सोराफेनिब या कर्करोगाच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. मुंबईत चाललेल्या प्रकरणात पेटंट नियंत्रकांनी सक्तीचा परवाना दिला आणि भारतीय कंपनीच्या औषधाची किंमत महिन्याला ८,८८० रुपये ठरली. औषध देशात किती आले आणि किती रुग्णांना पुरले, याची आकडेवारी त्या निर्णयात महत्त्वाची होती, आणि फॉर्म २७ मधली माहितीही त्यात विचारात घेतली गेली. हे फॉर्म नीट भरले जात नाहीत, म्हणून प्रा. शामनाद बशीर यांनी २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यानंतर फॉर्म अधिक कडक होतील अशी आशा होती. झाले उलटे. २०२० च्या दुरुस्तीत मालाच्या संख्येचा रकाना गेला आणि मार्च २०२४ च्या नियमांनी दरवर्षीचे विवरण तीन वर्षांतून एकदा केले.

त्याच २०२४ च्या नियमांनी मंजुरीपूर्व विरोधाला शुल्क लावले. आधी ते मोफत होते. शिवाय विरोध ऐकण्याजोगा आहे की नाही हे नियंत्रकाने आधी ठरवायचे, अशी नवी पायरी आली. यामागचे कारण सांगितले जाते की काही कंपन्या दुसऱ्याच्या नावाने खोटे विरोध घालून अर्ज रखडवतात. तसे होतही असेल. पण बनावट रेशनकार्डे निघाली म्हणून खऱ्या कार्डावरचे धान्य महाग करायचे, हा कुठला न्याय? खोटा विरोध शोधून दंड करा. बचत गटाच्या पैशातून अर्ज करणाऱ्या बाईला उंबऱ्यावरच अडवू नका.

काहीजणी म्हणतील, “हे वकिलांवर सोपवू या ना.” वकील लागतातच, पण वकिलाला सांगायचे काय, ते आपल्याला माहीत असते. कोणते औषध वॉर्डात कमी पडते, कोणत्या गोळीसाठी बायका उपचार अर्धवट सोडतात, हे पेटंटच्या कागदात सापडत नाही. केरळमध्ये २०२२ साली स्तनाच्या कर्करोगाच्या एका रुग्ण बाईने रिबोसिक्लिब या औषधाच्या किमतीसाठी उच्च न्यायालयात दाद मागितली. निकाल लागण्याआधीच ती गेली. न्यायालयाने प्रकरण स्वतःहून पुढे चालवले. एका आजारी बाईने एकटीने एवढे ओढायचे आणि आपण संघटना म्हणवणाऱ्यांनी नुसते पाहायचे, हे मला बरोबर वाटत नाही.

या शोधाची आणखी एक बाजू आहे. पेटंट संपले की त्यातली कृती सर्वांची होते. मासिक पाळीच्या कपावर १९३७ मध्ये लिओना चाल्मर्स या अमेरिकन अभिनेत्रीने पेटंट घेतले होते. ते कधीच संपले, म्हणून आज मूळ कल्पनेवर कोणाची मालकी नाही. बायकांच्या वापराच्या कितीतरी वस्तू, सॅनिटरी पॅड, चुली, धान्य निवडण्याची यंत्रे, या संपलेल्या पेटंटांत पडून आहेत. मुदत संपलेली कृती हे गावचे गायरान आहे. पण गायरानाची हद्द कुठे ते नकाशावर दिसले नाही, तर कोणीही कुंपण घालून “हे माझे” म्हणू शकतो.

इतर ठिकाणी काय आहे? अमेरिकेत १८७१ पासून निवडक वाचनालयांत पेटंटचे कागद ठेवण्याची पद्धत आहे आणि तिथे शोधायला मदत करणारी माणसे असतात. युरोपीय कार्यालयाने १९९८ मध्ये ‘एस्पासनेट’ मोफत सुरू केले. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचे ‘पेटंटस्कोप’ आहे. औषधांसाठी ‘मेडस्‌पॅल’ हा संग्रह २०१६ मध्ये सुरू झाला. त्यात औषधाच्या ओळखीच्या नावाने शोधता येते, म्हणून आपल्याला तो सर्वांत सोयीचा. खाजगी कंपन्यांचीही मोफत साधने आहेत. ती जरूर वापरा, पण त्यांच्यावर विसंबू नका. कंपनीने उद्या दार बंद केले तर आपण कोणाकडे जाब मागणार? सार्वजनिक नोंद सार्वजनिकच राहिली पाहिजे.

महाराष्ट्रात तर यासाठी जागाही आहे. नागपूरला १९८० मध्ये पेटंट इन्फर्मेशन सिस्टीम हे केंद्र नेमके पेटंटविषयक माहिती लोकांना मिळावी म्हणून स्थापन झाले. आपल्यापैकी किती संघटनांनी त्याचे नाव ऐकले आहे? विदर्भातल्या मैत्रिणींनी तिथे जाऊन काय मिळते, काय नाही, याची नोंद करावी. लोक येत नाहीत असे म्हणून सार्वजनिक जागा आटत जातात. आपण जाणे हाच तिला जपण्याचा पहिला उपाय आहे.

म्हणून माझ्या सूचना अशा. प्रत्येक जिल्ह्यात निदान दोघींनी हा शोध शिकून घ्यावा. संगणकाची भीती वाटत असेल तर महाविद्यालयातल्या मुलींना सोबत घ्या. आपल्या भागात बायकांना सर्वाधिक लागणाऱ्या दहा महाग औषधांची यादी करावी आणि प्रत्येकीपुढे चार रकाने आखावेत: पेटंट आहे का, कोणाचे, केव्हा संपते, नवा अर्ज आला आहे का. अशी यादी दर तीन महिन्यांनी या अंकात छापता येईल. केंद्र सरकारकडे आपण एकत्रितपणे चार मागण्या कराव्यात: अर्जात औषधाचे सामान्य नाव, जुन्या कागदांचे शोधता येईल असे रूपांतर, फॉर्म २७ पुन्हा दरवर्षी आणि पूर्ण, आणि रुग्ण व लोकसंघटनांना विरोधाचे शुल्क माफ. जे संकेतस्थळावर नाही ते २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागावे. मिळालेल्या कागदांच्या प्रती आपल्याकडे जपून ठेवाव्यात, कारण प्रणाली बदलतात आणि जुने दुवे हरवतात.

दुपारच्या सत्रात दोन संगणक लावले आहेत. प्रत्येकीने आपल्या भागातल्या एका औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून आणावे. सापडले तर उत्तमच. नाही सापडले तर का नाही सापडले, ते आपण वहीत लिहू. त्या वहीतूनच आपले निवेदन तयार होईल.